शाळा सोमवारपासून, घरात 5 महिन्यांचं बाळ. साथीचे आजार घरात येऊ नयेत म्हणून तुम्ही काय करता?

पेठेतली आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

माझी थोरली 6 वर्षांची. सोमवारी पहिलीत बसणार. दप्तर, रेनकोट, वह्यांची कव्हरं, सगळं महाद्वार रोडवरून आणून झालंय. ती खूश आहे. मला मात्र दोन रात्री झोप नाही, कारण गेल्या वर्षीचा जुलै डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा ती मोठ्या गटात होती. पाऊस असा लागला होता की आठ दिवस कपडे वाळले नव्हते. एका संध्याकाळी व्हॅनमधून उतरली ती गप्पच. रात्री अंग तापलं. दुसऱ्या दिवशी आमटी-भात कालवून दिला, तर पहिल्याच घासाला तोंड दाबून धरलं आणि रडायला लागली. बॅटरी मारून बघितलं, तर टाळूला आणि जिभेच्या कडेला लाल कडांचे पांढरट फोड. तिसऱ्या दिवशी तळहात, तळपाय, मांड्यांच्या मागे पुरळ. डॉक्टर म्हणाले, हात-पाय-तोंडाचा आजार, विषाणूचा आहे, आठवडाभरात जाईल, पाणी कमी पडू देऊ नका. चार दिवस पोरीनं थंड दूध आणि गार केलेली पेज यावर काढले. पाण्याचा घोट गिळायच्या आधी माझं बोट घट्ट धरायची. मला तेव्हा तिसरा महिना होता, त्यामुळे घरात जी घालमेल झाली ती वेगळीच.

एवढ्यावर संपलं नाही. गौरीच्या आदल्या दिवशी तिच्या हातावर मेंदी काढत होते, तर अंगठ्याचं नख मुळापासून सुटलेलं दिसलं. मग आणखी तीन बोटांची गेली. खाली नवी नखं येत होती, दुखत काही नव्हतं, पण मी ती मेंदी तशीच अर्धी ठेवून दवाखान्यात पळाले होते.

नंतर कळलं की तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला तीन दिवस आधीपासून ताप होता. सकाळी तापाचं औषध पाजून त्याला शाळेत सोडत होते. दुपारी औषध उतरलं की तो बाकावर डोकं ठेवून पडायचा.

आता यंदा घरात 5 महिन्यांचं बाळ आहे आणि सासरे 71 वर्षांचे, मधुमेही. थोरली घरी आली की हातपाय धुवायच्या आधी पाळण्याकडे धावते. तिला रोज अडवायचं, तर तिच्या मनात काय येईल याचंही वाईट वाटतं. दप्तरात सॅनिटायझरची बाटली ठेवलीय, ती पुरेल का? बाळासाठी आत्ता काही लस घेता येते का? ताप आला तर नक्की किती दिवस घरी ठेवायचं? आणि शाळेला काय सांगायचं, कसं सांगायचं? पहिलीच्या बाई नवीन आहेत, पहिल्याच दिवशी तक्रार घेऊन आलेली आई असं व्हायला नको.

सिस्टरताई

ताई, मी 19 वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. जून संपला की आमच्याकडे खाटा भरायला लागतात, त्यामुळे तुमची काळजी मला कळते.

आधी नखांचं. त्या आजारानंतर महिना-दोन महिन्यांनी काही मुलांची नखं गळतात आणि आपोआप नवी येतात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर तुमचा जीव तेवढा घाबरला नसता.

सॅनिटायझरबद्दल नीट सांगते, कारण इथं बहुतेक जण फसतात. फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण फोडतं, म्हणून तिथं सॅनिटायझर कामाला येतो. हात-पाय-तोंडाच्या आजाराचे विषाणू, उलट्या-जुलाबाचे बरेचसे विषाणू, यांच्यावर तसं आवरणच नसतं. त्यांच्यावर सॅनिटायझरचा भरवसा धरू नका. तिथं साबण आणि वाहतं पाणीच लागतं, कारण साबणानं चोळल्यावर ते हातावरून सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. 20 सेकंद चोळायचं, बोटांच्या बेचक्यात आणि नखांच्या टोकांना. नखं दर रविवारी कापा.

आणखी एक. हा आजार बरा झाल्यावरही मुलाच्या शौचातून विषाणू काही आठवडे जात राहतो. तेवढे दिवस मुलाला घरी ठेवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून ताप उतरून, मूल नीट खायला लागलं आणि फोड सुकले की शाळेत पाठवायचं, पण संडासहून आल्यावर साबण चुकवायचा नाही. बाळाची लंगोट बदलल्यावर तुमचेही हात तसेच.

आता घरी ठेवायचे दिवस. साधा ताप असेल तर औषधाशिवाय पूर्ण 24 तास ताप नसला पाहिजे. हे "औषधाशिवाय" लोक ऐकत नाहीत. कांजिण्या आल्या तर शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरी, साधारण आठवडा जातो. अंगावर फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या पसरत असतात, म्हणून वर्गात एकाला झाल्या तर पुढचे तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघा. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण मुलाला आंघोळ घाला, खाजवून फोड चिघळतात ते टळेल. आणि अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका. गालफुगीला गाल सुजल्यापासून 5 दिवस. डोळे आले असतील तर लाली आणि पाणी थांबेपर्यंत, आणि औषधाच्या दुकानातून मनानं थेंब आणायचे नाहीत, त्यात स्टिरॉइड असलं तर डोळ्याचं नुकसान होतं.

लसींचं. बाळाची 6, 10 आणि 14 आठवड्यांची इंजेक्शनं वेळेवर झालीत ना, ते कार्ड काढून बघा. त्यांत डांग्या खोकल्याचीही लस असते. हा खोकला लहान बाळाला जिवावर बेततो आणि तो बहुतेक वेळा घरातल्याच मोठ्या माणसाकडून किंवा भावंडाकडून येतो. गोवर-रुबेलाची लस 9 महिने पूर्ण झाल्यावर. फ्लूची लस 6 महिन्यांच्या आत देत नाहीत, म्हणून बाळाला आत्ता ती नाही. पण थोरलीला, तुम्हाला आणि सासऱ्यांना घेता येते, म्हणजे बाळाभोवती कुंपण होतं. थोरलीनं आधी कधी घेतली नसेल तर तिला महिन्याच्या अंतरानं 2 डोस लागतील. ही लस सरकारी वेळापत्रकात नाही, विकत घ्यावी लागते. मात्र 5 वर्षांचा घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचा बूस्टर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतो, तो थोरलीचा राहिला असेल तर आधी तो घ्या. गालफुगीची लस मोफत यादीत नाही आणि कांजिण्यांचीही नाही, त्याबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. हात-पाय-तोंडाच्या आजारावर आपल्याकडे लस नाही.

आणि पुन्हा कधी तसे फोड आले, तर या गोष्टींवर नजर ठेवा: तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, सारखी उलटी, झोपेत पुन्हा पुन्हा दचकणं, 8 तास लघवी नाही, मूल गुंगीत. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा.

निवृत्त बाई, कसबा बावडा

मी 34 वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. तुम्ही नवीन बाईंशी बोलायला संकोच करताय म्हणून लिहिते.

वर्गशिक्षिकेला पालकांनी सांगितलेलं हवंच असतं. फक्त शाळा सुटताना गेटवर चाळीस आयांच्या गर्दीत सांगू नका. मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं मागून घ्या. "माझ्या मुलीला गेल्या वर्षी असं झालं, घरात तान्हं बाळ आहे, वर्गात कुणाला पुरळ किंवा ताप दिसला तर मला नावाशिवाय नुसतं कळवा," एवढंच म्हणा. नाव विचारू नका. मी नोकरीत असताना एका मुलाच्या कांजिण्यांची बातमी नावानिशी पसरली आणि तो परत आल्यावर महिनाभर त्याच्या शेजारी कुणी बसेना. तो मुलगा डबा घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन बसायचा. ते मला अजून आठवतं.

साबणाचं सांगते. माझ्या शाळेत नळाजवळ वडी ठेवली की दुपारपर्यंत ती एक तर गटारात किंवा कुणाच्या तरी खिशात. मग मी घरून कांद्याच्या पिशवीची जाळी आणली, तिच्यात वडी घालून सुतळीनं नळाच्या मानेला बांधली. मुलं जाळीसकट हात चोळायची, फेसही जास्त यायचा. वडी 12-13 दिवस पुरायची. खिचडीच्या आधी रांगेत दोघं-दोघं नळावर पाठवायचे आणि हात चोळताना दोनदा पाढा म्हणायचा, बेचा. रेंगाळणाऱ्याला तिप्पट वेळ लागायचा, पण वीस सेकंद नक्की भरायचे.

मात्र मला सगळ्यात जास्त पश्चात्ताप ज्याचा आहे, ते हजेरीचं बक्षीस. वर्षभर एकही खाडा नाही म्हणून 26 जानेवारीला मुलाला कंपासपेटी मिळायची. मीच ते सुरू केलं होतं. मुलं शाळेत यावीत म्हणून. पण आया सांगायच्या, "बाई, अंगात कणकण होती पण बक्षीस हुकंल म्हणून रडत आला." दुसरीतली एक मुलगी गालफुगी घेऊन वर्गात बसली होती, गालाभोवती रुमाल बांधून, आणि वर मला म्हणाली, दात दुखतोय. पुढच्या वर्षी मी बक्षीस बंद केलं. खाड्याच्या रकान्यात आजारासाठी वेगळी खूण सुरू केली आणि वर्गात सांगितलं की ही खूण म्हणजे गैरहजेरी नव्हे. तुमच्या शाळेत असं बक्षीस असेल तर पालकसभेत त्यावर बोला. एकट्या आईनं बोलून होत नाही, चार जणी मिळून बोला.

व्हॅनवाले काका

मी शाळेची व्हॅन चालवतो, 11 वर्षं झाली. कुणी इकडचं बघत न्हाई म्हणून लिहितोय.

ताई, पोरगी वर्गात बसते पाच तास, पण वर्गाला खिडक्या हायत. माझ्या गाडीत पाऊस लागला की समद्या काचा वर. पोरं एकमेकांच्या मांडीवर न्हाईत एवढंच. ओले रेनकोट, ओली पोरं, एक शिंकलं की काचेवर वाफ धरते. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. मला ते पटंना म्हणून मी दोन्ही बाजूच्या मधल्या काचांना वरनं छोटं छप्पर लावून घेतलंय, म्हणजे काच तीन-चार बोटं खाली ठेवली तरी पाणी आत येत न्हाई. हवा खेळती राहते. रेनकोट काढून मागं दोरीवर टाकायला लावतो. दुपारी पोरं सोडून आलो की दाराची मूठ, सीटची कड, पुढची दांडी साबणाच्या पाण्यानं पुसून काढतो. तुमच्या व्हॅनवाल्याला एकदा प्रेमानं विचारा. पैशाचं काम न्हाई, मनावर घ्यायचं काम हाय.

दुसरं. सकाळी पोरगं माझ्या हातात देताना कितीतरी जणी म्हणतात, "काका, जरा अंग गरम हाय, औषध दिलंय, लक्ष ठेवा." मी गाडी चालवू का लक्ष ठेवू? आता मी सांगतो, वहिनी, आजचं राहू दे, उद्या नेतो. दोघींनी व्हॅन बदलली. बदलू दे. एक वर्षी माझ्याच गाडीतल्या सहा पोरांना एका आठवड्यात डोळे आले होते, त्यात माझा नातू पण होता.

पाळीवर जाणारी आई

सगळं वाचलं. सगळं बरोबर आहे. पण ज्या आईनं औषध पाजून पाठवलं तिच्याकडूनही कुणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहिते. ती मी आहे. तुमच्या वर्गातली नव्हे, पण तशीच.

मी गोकुळ शिरगावला कारखान्यात कामाला आहे. सकाळची पाळी सातला. नवरा ट्रकवर, आठवड्यातून चार दिवस बाहेर. सासू गावी. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जातो, आणि महिन्यात तिसरा खाडा झाला की सुपरवायझर नुसता बघतो, बोलत नाही, ते बघणंच पुरे होतं. पोराला 101 ताप असताना मी औषध पाजून, डबा देऊन शाळेत सोडलं होतं. दिवसभर मशीनपुढं उभी होते आणि मनात एकच, शाळेतून फोन येऊ नये. आला. दोन वाजता. पोचले तेव्हा तो शिपाईमावशींच्या खोलीत सतरंजीवर झोपला होता.

त्यानंतर आम्ही बिल्डिंगमधल्या चौघींनी एक ठरवलं. दोघी घरूनच शिवणाचं आणि पापडाचं काम करतात. ज्याचं मूल आजारी, ते त्यातल्या एकीकडे दिवसभर राहील. तिची मुलं मोठी आहेत, तान्हं नाही. आम्ही तिला त्या दिवसाचे पैसे देतो, आणि रात्रीची भाकरी आमच्याकडून जाते. पुरळ असेल तर मात्र मी खाडाच करते, दुसऱ्याच्या घरात ते नेत नाही. वर्षभरात माझे 5 खाडे वाचले आणि पोरगं एकदाही ताप घेऊन शाळेत गेलं नाही.

त्या शेजारच्या मुलाच्या आईशी बोला, ताई. रागानं नको.

पेठेतली आई

तुमचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. गेलं वर्षभर मी त्या बाईशी बोलले नाही. रस्त्यात दिसली तरी मान वळवायची. तिचं घर कसं चालतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. उद्या जाते.

सिस्टरताई, कार्ड काढून बघितलं. बाळाची तिन्ही इंजेक्शनं झालीत. थोरलीचा 5 वर्षांचा बूस्टर राहिला होता, बाळंतपणाच्या धांदलीत विसरला. उद्याच नेते. सासऱ्यांना फ्लूच्या लशीचं सांगितलं तर ते म्हणाले, नातवासाठी म्हणतेस तर दोन घेतो.

सिस्टरताई

त्यांना एकच पुरते. आणि थोरलीला बाळापासून तोडू नका. घरी आल्यावर आधी मोरीत हातपाय-तोंड, मग शाळेचे कपडे बदलून बाळाजवळ, असा क्रम रोज एकाच पद्धतीनं ठेवा. बाळाच्या गालाचा पापा घेऊ नको, तळपायाचा घे, असं सांगा. सर्दी असेल त्या दिवशी तेही नाही.

पेठेतली आई

मध्ये बरेच दिवस गेले. ज्यांनी एवढ्या मनापासून लिहिलं त्यांना काय झालं ते सांगायला हवं.

त्या बाईंकडे गेले. चहा झाला. त्यांना वाटत होतं फोड म्हणजे उष्णता, आणि ताप औषधानं उतरतोय म्हणजे मूल बरं होतंय. कुणी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही दोघी आणि आणखी एक, असं तिघींचं ठरलंय. माझ्याकडे बाळ आहे म्हणून आजारी मूल माझ्याकडे नाही, पण त्यांचं बरं असलेलं धाकटं त्या दिवशी मी सांभाळते.

पहिलीच्या बाई फार चांगल्या निघाल्या. जाळीतला साबण त्यांना आवडला, कांद्याची पिशवी मीच नेऊन दिली. व्हॅनमध्ये काचेचं अजून जमलेलं नाही, मालक आज-उद्या करताहेत. मी विचारत राहणार.

थोरलीला तळपायाचं इतकं आवडलंय की ती बाळाचे मोजे काढून ठेवते.

शेवटची गोष्ट लिहायला जड जातेय. आषाढीला शाळेत दिंडी होती, थोरली रखुमाई. नऊवारी आठ दिवस आधी आणली होती, रोज रात्री नेसून बघायची. त्या दिवशी सकाळी वेणी घालताना मान हाताला गरम लागली. थर्मामीटरवर 100.8. कपाटात औषधाची बाटली समोरच होती. दोन तासांचा कार्यक्रम. एक चमचा दिला असता तर दुपारपर्यंत निभावलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी बाटलीकडे.

बाईंना फोन केला, नाही येत म्हणून सांगितलं. मग औषध दिलं, पण घरी निजवण्यासाठी. ती खूप रडली. मीही. सासऱ्यांनी तिला खिडकीपाशी बसवून पेठेतून जाणाऱ्या दुसऱ्या शाळेची दिंडी दाखवली. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी गेला, चौथ्या दिवशी शाळेत. बाळाला नाक चोंदण्यापलीकडे काही झालं नाही. डॉक्टरांना दाखवलं, मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, दूध नीट पितोय.

रखुमाई दुसरीच एक मुलगी झाली. बाईंनी फोटो पाठवला, थोरलीनं तो मोठा करून बघितला आणि म्हणाली, तिचा पदर चुकलाय. नऊवारी घडी करून कपाटात ठेवलीय. गौरीला नेसायची, आणि या वेळी मेंदी दोन्ही हातांवर पूर्ण काढायची, असं तिनंच ठरवलंय.